भरल्या गाडीच्या कमानी

आईचा लोखंडी बत्ता एका सकाळी खलातून नाहीसा झाला. तिच्या मते आमच्या घरातलं मोटारीचं खूळ त्याच दिवशी सुरू झालं, आणि पुढचं सगळं, माझं लग्नसुद्धा, त्या बत्त्याच्या मागोमाग आलं. शोधाशोध झाली तेव्हा तो बाबांच्या सायकलच्या पिशवीत दोन पान्यांच्या मधे सापडला. बाबा बसडेपोत फिटर होते. सुट्टी असली की ते कामठीच्या भंगारात जायचे आणि ढिगातले मोटारीच्या कमानींचे पट्टे एकेक करून ठोकून पाहायचे. कमान म्हणजे गाडीच्या पोटाखाली, दोन चाकं जोडणाऱ्या एक्सलवर बसवलेली वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी. रस्त्याचा गचका आधी ती खाते आणि उरलेला आपल्याला देते. धड पट्ट्यावर ठोका मारला की आवाज लांबत जातो, तडकलेल्याचा आवाज जिथल्या तिथे बसतो. "डेपोत हातोडी नव्हती का?" आईने विचारलं. "हातोडी भांडते," बाबा म्हणाले, "बत्ता समजुतीनं बोलते." "मंग समजुतीनं चटणी कुटा आता," म्हणून आईने बत्ता घासून घेतला खरा, पण त्या दिवशीच्या जवसाच्या चटणीला ग्रीसचा वास आला. तेव्हा तिने तो बाबांना कायमचा देऊन टाकला आणि स्वतःसाठी नवीन आणवला.

गाडी करायचं कारण एकच होतं, माझी मोठी माय. आईची ही थोरली बहीण कुहीच्या पलीकडे एका धानाच्या गावात राहायची. मी तान्ही असताना आई कापडाच्या गिरणीत पाळीवर जायची, म्हणून नीट बोलायला लागेपर्यंत मी मोठ्या मायकडेच वाढले. नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा ती मला कडेवर घेऊन गावाहून पायी आली होती. मला त्यातलं काही आठवत नाही, पण ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की तिच्या कोऱ्या पांढऱ्या लुगड्याचा वासदेखील मी सांगू शकेन. माझ्या पाठच्या भावाचं नाव राहुल आणि माझं शकुंतला, कारण मी दीक्षेच्या आधीची. पुढे एका पावसाळ्यात मोठी माय शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली आणि तिचं कंबरडं कायमचं दुखावलं. घरातल्या घरात काठी टेकत ती सगळं करायची, पण बसचा किंवा बैलबंडीचा एक गचका बसला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा बंडीत धानाचं तणस अंथरून तिला नागपूरला आणायला निघाले होते, तर गावाबाहेरच्या पहिल्याच नाल्याशी ती बेशुद्ध पडली. त्यानंतर तिने गाव सोडायचं नाव टाकलं. आम्हीच जायचो, चार दिवस राहायचो, आणि निघताना ती दाराशी उभी राहून म्हणायची, "तुह्या लगनाचं मले इथंच येऊन सांगजो वं शके." एकदा या वाक्याने मला इतकं रडू आलं की घरी येऊन मी सांगून टाकलं, मोठी माय समोर नसेल तर मी लग्नाला उभी राहणार नाही. तोवर मला एकही स्थळ आलेलं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं ऐकलं होतं, इथं तर नवरीच निघाली, असं आई म्हणाली. बाबा सायकल काढून बाहेर पडले. त्याच आठवड्यात बत्ता गेला.

इंदोऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर कवेलूंचं छप्पर, पुढे अंगण आणि अंगणात कडुलिंब. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर दिवसभर घरघरायचा आणि वाळ्याचा ओला वास घरभर असायचा. सकाळी आईच्या भाकरीची थापथाप, मग विहारातली वंदना, मग समोरच्यांच्या रेडिओवरच्या बातम्या, हा आमच्या घराचा क्रम होता. त्यात आता अंगणातली कानस आणि करवत यांची भर पडली. लिंबाखाली बाबांनी लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातला एका जीपचा सांगाडा आणून ठेवला होता. तो कसा आणला, कोणाकोणाच्या ओळखीने आणला, ते सांगत बसले तर हे प्रकरण तिथेच संपेल. मी तेव्हा शिक्षिकेचं शिक्षण पुरं करून नेमणुकीची वाट पाहत घरी होते. राहुलला वंगणाची किळस यायची, त्यामुळे गाडीखाली बाबा आणि मी असे दोघंच असायचो. मला ते काम मनापासून आवडलं. लोखंड आपल्याशी खोटं बोलत नाही असं मला तेव्हा वाटायचं. पुढे चाळीस वर्षं पोरं शिकवली तेव्हा त्या लोखंडाची फार आठवण आली.

बाबांची नजर बसची, त्यामुळे त्यांनी सांगाड्यावर जो पत्र्याचा डबा बांधवून घेतला तो जीपला शोभेल त्यापेक्षा हातभर रुंद झाला. जीपचा मागचा एक्सल त्या डब्याखाली अगदीच अरुंद दिसायचा. म्हैस पाटावर बसवल्यासारखी. वळणावर कलंडेल म्हणून रुंद एक्सल शोधणं आलं. आधी एका ट्रकचा पाहिला. तो भीमाला शोभला असता, पण बाबा म्हणाले, "हा लावला तं गाडी यालेच ओढत बसन, माणसं कवा ओढन?" मग कोणीतरी सांगितलं की कन्हानला एका घराच्या मागच्या आवारात जुनी विलायती मोटार पडून आहे. आम्ही दोघं बसने गेलो. मोटार होती, पण तिच्यात कोंबड्या राहत होत्या. पुढच्या सीटवर एक खुडूक कोंबडी बसलेली, आणि बाबांनी दार उघडलं तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चटकन "माफ करजो बाई" म्हणाले. घरातून एक तरुण मास्तर बाहेर आला आणि हसला. बाबा मोटारीखाली सरपटत गेले, मी दोरीने माप घेतलं आणि खालून आवाज आला, "शके, बरोब्बर बसते!" कोंबड्यांना नवीन खुराडं बांधून द्यायचं, त्या बदल्यात एक्सल न्यायचा, असं ठरलं. बाबांनी दोन रविवार खपून असं खुराडं बांधलं की त्यालाही खिडक्या होत्या. एक्सल सोडवून बाहेर काढताना एक टोक मी धरलं होतं आणि दुसरं त्या मास्तराने. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळं ग्रीस लागलं ते त्याला कळलंच नाही, कारण तो माझ्याकडे पाहत होता. आज ते दुसरं टोक पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेलं आहे. मी हे लिहून राहिले हे कळलं तर म्हणतील, ग्रीसचं लिही, बाकीचं लिहू नको.

एक्सल रुंदीला बसला, पण कमानी टेकवायच्या त्याच्या गाद्या, म्हणजे लोखंडी बैठका, भलत्याच जागी निघाल्या. त्या कापून जीपच्या सांगाड्याच्या मापाने सरकवून पुन्हा जोडायच्या, मधला फिरता दांडा तोडून आखूड करायचा, असं करत करत आमची गाडी एकाच वेळी दोन घराण्यांची झाली. पुढची चाकं जीपची, मागची विलायती. एकाचं चाक दुसऱ्याला चालेना, म्हणून स्टेपन्या दोन ठेवाव्या लागल्या. हे सगळं काम मोमिनपुऱ्यातल्या हबीबचाचांच्या भट्टीवर झालं. हबीबचाचा कमानींचे मिस्त्री. बाबांचे जुने दोस्त, आणि दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की जगात कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. चाचांच्या चहातही साखर जास्त असायची. पट्टा भट्टीतून लाल होऊन निघायचा, चाचा त्याला ऐरणीवर वाकवायचे, बाबा चिमट्याने धरून तेलात बुडवायचे आणि चर्र आवाजाबरोबर सगळी गल्ली धुराने भरून जायची. थंड झालेल्या पट्ट्यावर शेवटचा ठोका मात्र आमच्या बत्त्याचा. चाचा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "ये बोला." नाही आवडला तर म्हणायचे, "ये हकलाता है, भाऊ, हटाओ."

गाडी चालायला लागली तेव्हा आईने आपली अट घातली. "माह्या बहिणीले आणाचं असन तं आधी मले दाखवा. गंजभर कढी ठेवतो मांगं. सांडली नाई पायजे." कढी म्हणजे आमच्या घरची, पातळ, वरून लसणाची फोडणी दिलेली. काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे आमचं उभं पातेलं, चुंबळीवर ठेवून माझ्या दोन पायांच्या मधे बसवला आणि आम्ही नारीच्या कच्च्या रस्त्याला लागलो. आम्ही म्हणजे बाबा, आई, मी, हबीबचाचा आणि गाडीत मावेल तेवढा मोहल्ला. आमच्याकडे गाडी निघाली म्हणजे बसणारे आलेच. त्यांना उतरा म्हणणं म्हणजे पंगतीतून उठवणं. डेपोत रोज ठासून भरलेल्या बसच्या कमानी पाहणाऱ्या बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्याच खड्ड्यात एक्सल वर येऊन सांगाड्यावर धाडकन आदळला आणि कढी सगळ्यांच्या पायांवर. चाचा खाली वाकून पाहत म्हणाले, "कमान दबून राह्यली. एक पट्टा और डालते." पुढच्या रविवारी पट्टा वाढला, आणि गेल्या वेळी ज्यांना जागा मिळाली नव्हती ते आधी येऊन बसले. पुन्हा कढी सांडली, पुन्हा पट्टा वाढला. मग बाबांनी कमानीची उडी आवरणारे शॉकअप एका लॉरीचे आणून लावले. मोहल्ल्यातल्या कुत्र्यांना त्या उन्हाळ्यात कढीची चटक लागली होती, गाडी थांबली की येऊन बसायची. शेवटी एका रविवारी गंजातली कढी काठापर्यंत आली, डुचमळली आणि परत गेली. एक थेंब सांडला नाही. आईने गंजाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "जमलं गा तुमाले." बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. आम्ही तिथेच बांधावर बसून त्या कढीत बरोबर आणलेले डाळीचे गोळे टाकून खाल्ले, आणि परतताना मागे बसलेल्यांनी गाणी म्हटली.

कन्हानच्या मास्तरांकडून स्थळ आलं ते याच सुमारास. त्यांच्या आईने निरोप धाडला होता की एक्सल तर नेला, आता घरातली मुलगी इकडे द्या म्हणजे फिटंफाट होईल. मला हसू आलं आणि मी हो म्हटलं. लग्न भर उन्हाळ्यात ठरलं. आदल्या दिवशी मोठ्या मायला आणायचं, आणि तिला आणायला मीच जाणार होते, कारण माझ्याशिवाय ती कोणत्याच वाहनात पाय ठेवणार नाही हे मला ठाऊक होतं. हळद लागलेली पोरगी वेशीबाहेर जात नाही, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. "जुन्या चाली आपण सोडल्या ना?" बाबा म्हणाले. "मग हळद काहून लावली?" असं मी विचारल्यावर सगळ्या हसायला लागल्या आणि मी गाडीत बसले. बाबांनी गाडी आरशासारखी पुसली होती. मायच्या अंगाला काही लागू नये म्हणून पान्यांची पेटी, जॅक, दोन्ही स्टेपन्या काढून घरी ठेवल्या होत्या. मोहल्ल्याला त्यांनी आधीच बजावलं होतं, "उद्या येताना गाडीत माणूस नाई. एकटी माय बसन." आणि मोहल्ल्याने पहिल्यांदाच ते ऐकलं. जाताना मायच्या गावातल्या नव्या विहाराच्या ओट्यासाठी मागे फरशा भरल्या होत्या, त्यांच्यावर मोठ्या मायसाठी गुंडाळलेली गादी. सगळा रस्ता गाडी अशी गेली की बाबा शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मोठी माय पांढरं लुगडं नेसून तयार बसली होती. गावातल्या पोरांनी फरशा उतरवल्या, मागच्या बाजूला गादी अंथरली, तिला अलगद उचलून ठेवलं. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, माझ्या हाताची हळद हुंगली आणि डोळे मिटले. गावाबाहेरच्या वाटेवर गाडी पायी चालल्यासारखी नेली, दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, तोवर सगळं ठीक. डांबरी रस्त्याला लागलो आणि बाबांनी जरा वेग दिला. नाल्यावरच्या पहिल्या पुलियाला गाडी वासरासारखी उडाली. मोठी माय गादीवरून उचलली गेली आणि परत आपटली. दुसऱ्या खड्ड्याला तिने पदराचा बोळा तोंडात धरला. तिसऱ्यानंतर ती फक्त एवढंच म्हणाली, "शके, मले वापस नेऊन घाल." तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. बाबांनी गाडी पुढच्या फाट्यावर, जिथे बसची वाट पाहत लोक थांबतात तिथे, सावलीला घेतली.

ते उतरून गाडीखाली गेले. एकेक बोल्ट, एकेक पट्टा पाहिला. काहीही तुटलेलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "दोन-तीन पट्टे काढायले पायजे," ते म्हणाले, "पण जॅक घरी, पाने घरी." आणि ते मैलाच्या दगडावर बसले. मी मोठ्या मायला पाणी पाजलं. ती माझा हात थोपटत होती, जणू दुखणं माझं होतं. "होते गा असं, जवाई," ती बाबांना म्हणाली, "तुमी लय केलं. माह्या नशिबात पोरीचं लगन पाहणं नसन." मी रडायला लागले. उद्या विहारात मेणबत्त्या लागतील, सगळे उभे राहतील, आणि ती इथे आडवी पडून असेल, हे माझ्याच्याने सहन होईना. रडता रडता मी डोळे पुसायला हात वर केला आणि तो कुठेच अडकला नाही. त्या गाडीत हात वर करायला इतकी जागा मला कधीच मिळाली नव्हती. इतक्या रविवारांत माझ्या बरगडीत कोणा ना कोणाचं कोपर असायचंच, मांडीवर कोणाचं पोर असायचंच. मी उठून बाहेर आले.

"बाबा, आपण ही गाडी रिकामी कवा चालवली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून हसायला लागले, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी फरशा होत्या. त्याआधी नेहमी मोहल्ला होता. चाचांनी आणि त्यांनी मिळून त्या कमानी अख्ख्या मोहल्ल्याच्या वजनाला बसवल्या होत्या, आणि आता त्यांच्यावर एक वाळकी म्हातारी आणि एक नवरी, एवढंच ओझं. कमान दबायलाच तयार नव्हती, तर गचका खाणार कशी?

फाट्यावरच्या कडुलिंबाखाली बसची वाट पाहणारे बरेच होते. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "नागपूरले कोणाकोणाले जायचं हाय?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फुकट मोटारीत बसवणाऱ्या माणसाचा लोकांना संशय येतोच. "पैसे नाई पायजे गा," बाबा म्हणाले, "वजन पायजे." टरबुजांचा ढीग घेऊन बसलेल्या एकाने विचारलं, "माहं वजन, का टरबुजाचं?" "पयले तुहं, मंग टरबुजाचं." एक जाडजूड बाई पिशवी सावरत उठली आणि म्हणाली, "जल्मात पयल्यांदा कोणी मले यासाठी बलावलं." त्यावर सगळेच उठले. शेवटी बकरी घेतलेला एक म्हातारा उरला. "हे चालन का?" त्याने विचारलं. "बकरी बी वजनच आहे," बाबा म्हणाले.

गादी उभी करून मोठ्या मायच्या पाठीला लावली. ती मधे बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती जाडजूड बाई, पुढे मागे माणसं, पायांशी टरबुजं, टरबुजांवर बकरी. बाबांनी गाडीचं मागचं टोक हाताने दाबून पाहिलं, पुन्हा एकदा खाली वाकले आणि मला म्हणाले, "कमान बसली." निघालो. पुढे एक पुलिया दिसत होती, आधीच्यापेक्षा वाईट. बाबांनी आरशातून मागे पाहिलं. हे कशासाठी चाललं आहे ते त्या लोकांना आम्ही एव्हाना सांगितलं होतं, त्यामुळे सगळे बोलणं थांबवून मोठ्या मायच्या तोंडाकडे पाहत बसले. बकरीसुद्धा गप्प होती. गाडी पुलियावर गेली, खाली बसली, हळूच वर आली.

मोठ्या मायने डोळे उघडले. "झाला का गचका?"

"झाला माय," ती बाई म्हणाली.

"मले तं नाई लागला."

मग जो गलका झाला तो नागपूरपर्यंत थांबला नाही. मोठ्या मायच्या दोन्ही खांद्यांना माणसांचा आधार होता, तिला हलायलाच जागा नव्हती. इतकी वर्षं घरातल्या घरात काढलेल्या त्या बाईला एकदम गाडीभर श्रोते मिळाले. तिने प्रत्येकाचं गाव विचारलं, टरबूजवाल्याच्या आजेसासऱ्याशी आपलं नातं काढलं, मला कडेवर घेऊन ती याच रस्त्याने पायी गेली होती ती गोष्ट सांगितली, आणि सगळ्यांना लग्नाचं आवतन देऊन टाकलं. इंदोऱ्यात आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा आई ओट्यावर उभीच होती. एकामागून एक माणसं उतरली, टरबुजं उतरली, बकरी उतरली. "बहीण आणाले धाडलं होतं," आई म्हणाली, "बाजार कायले उचलून आणला?" आणि मग सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, आपल्या पायांनी मोठी माय उतरली. दोघी बहिणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. त्यानंतर आई आत गेली आणि सगळ्यांसाठी कढीत पाणी वाढवलं.

आता माझा मुलगा मला दवाखान्यात नेतो ती गाडी इतकी गुळगुळीत चालते की खड्डा आला कधी न गेला कधी ते कळत नाही. मी मागे एकटी बसते, एसी लागलेला असतो, हात पसरावेत तितकी जागा. चांगली गाडी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या गाडीत बसून मी आजवर कोणाच्याही आजेसासऱ्याचं नाव विचारलेलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. त्रिशरण-पंचशील म्हणताना मोठ्या मायचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि तोही एक शब्द मागे. मी मान खाली घालून रडत होते, पण ते रडणं सुखाचं होतं. टरबूजवाला आला होता, ती जाडजूड बाई नवऱ्याला घेऊन आली होती. पंगतीत वडाभात वाढता वाढता राहुलचा जीव मेटाकुटीला आला. हबीबचाचांना फाट्यावरची हकीगत कळली तेव्हा ते खजील होऊन पाना घेऊनच आले. "भाऊ, बिदाईच्या आधी दो पट्टे निकाल देतो." मोठी माय ओट्यावर बसली होती. "हात लावसान तं पाहा," ती म्हणाली. "पट्टे काढले आन उद्या चार माणसं आली तं कुठं बसवसान?" चाचांनी पाना खिशात घातला.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. बाबांनी हौसेने गाडीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, मागच्या सीटवर दोघांपुरती चादर अंथरली होती, आणि आम्हा दोघांना बसवून ते स्टेअरिंगचं चाक धरून बसले. कन्हानपर्यंतचा रस्ता तेव्हा काही फार बरा नव्हता. गाडी सुरू झाली तोच मोठ्या मायची काठी बॉनेटवर वाजली. "दोघंच?" ती म्हणाली. "पोरगी गचके खात जाईन का सासरी? बसा गा, बसा सारे." त्या शब्दाचीच मोहल्ला वाट पाहत होता. क्षणात मागचा भाग भरला, पुढचा भरला, मास्तरांच्या, म्हणजे आता यांच्या, मांडीवर शेजारचं पोर आलं आणि माझ्या बरगडीत ओळखीचं एक कोपर. बाबा उतरून कमान पाहून आले. "अजून एक माणूस पायजे," ते म्हणाले. सगळे इकडेतिकडे पाहायला लागले. ज्या बाईने आपलं गाव सोडायचं नाव टाकलं होतं, जिला काल भर रस्त्यात परत न्या म्हणावं लागलं होतं, ती काठी टेकत गाडीपाशी आली.

"मी येतो न," मोठी माय म्हणाली. "सरका वं."

ती आम्हा दोघांच्या मधे बसली. कामठी यायच्या आतच तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. कन्हानच्या पुलाआधीचा खड्डा बाबांना ठाऊक होता, त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडी खड्ड्यात बसली, हळूच वर आली. मोठी माय जागी झाली नाही, घोरतच राहिली.